यंदाची थंडी आईंच्या हाती द्या

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही पुण्यात कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी, माझा नवरा, तेरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासरे यंदाच्या वैशाखात गेले. त्यानंतर आईंना नगर जिल्ह्यातल्या गावाहून आम्ही इकडे आणलं. शेत वाट्याने दिलंय.

गेल्या दिवाळीनंतर मी फार हौसेनं कुंड्या, टोमॅटोची रोपं, बी, लोकर, सुया असं सगळं आणलं होतं. हॉलच्या गॅलरीत टोमॅटो नुसते उंच वाढले, फूल धरलंच नाही. धने पेरले, ते उगवले नाहीत. मुलीच्या स्वेटरची पाठ व्हिडिओ बघून विणली, पण तिच्या कडा आत वळायला लागल्या, म्हणून ठेवून दिली. दर रविवारी बाहेर पडायचं ठरतं आणि शेवटी मॉलमध्ये जाऊन येतो.

यंदा नीट करायचंय. कुंड्यांत काय लावू, काय विणू, मुलांना कुठे नेऊ? हॉलची गॅलरी उत्तरेला आहे. दक्षिणेची खिडकी आईंच्या खोलीत आहे.

आई दिवसभर त्या खोलीतच असतात. त्या काही मागत नाहीत. मीही त्यांना काही सांगत नाही, आराम करा म्हणते. नजर चांगली आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. गुडघे दुखतात. पूर्वी त्या छान विणायच्या, ह्यांचा शाळेतला हिरवा स्वेटर अजून गावाकडच्या ट्रंकेत आहे.

आणि एक, आमची तुळस दर थंडीत खराटा होते. असं का?

– एक वाचक, पुणे

उत्तर

तुम्ही कुंड्यांचं, विणकामाचं आणि रविवारचं विचारलंत, आणि आईंचं नुसतं सांगितलंत. मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. कारण नगर जिल्ह्यातला रब्बीचा हंगाम ज्यांनी आयुष्यभर अंगावर काढला, त्या तुमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत बसून आहेत. हरभरा केव्हा पेरायचा, किती पाण्यावर सोडायचा, शेंडा कधी खुडायचा, जुनी लोकर उसवून पुन्हा कशी वापरायची, हे सगळं त्यांच्या हाताला ठाऊक आहे. तुमच्या प्रश्नांची उत्तरं मी देतेच, पण माझा सल्ला एकच आहे: यंदाची थंडी त्यांच्या हाती द्या आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली काम करा.

तुम्ही त्यांना आराम करा म्हणता ते मायेनं म्हणता, यात मला शंका नाही. पण त्यांच्या बाजूनं बघा. कार्तिकात त्यांच्या गावी ज्वारी वर आलेली असते, हरभऱ्याचे शेंडे खुडायला आलेले असतात, सकाळी पाखरं हाकायला कुणीतरी शेतात लागतं. एवढ्या वर्षांत या दिवसांत त्या कधी रिकाम्या बसल्या नसतील. आता शेत दुसऱ्याकडे आहे, जोडीदार नाही, आणि घरात सकाळ-संध्याकाळ आराम करा हेच कानावर पडतं. काम करत आलेल्या माणसाला त्याचा अर्थ ‘तुमची गरज नाही’ असा लागायला वेळ लागत नाही.

मग विचारायचं कसं? मुलांना शिकवून ‘आजी, आम्हाला शिकव ना’ असं पाठवू नका. त्यांना ते लगेच कळेल. तुम्हाला खरंच अडलेलं असेल तेच विचारा. मातीची कुंडी त्यांच्या खोलीत घेऊन जा, मूठभर हरभरे पुढे धरा आणि म्हणा, “आई, हे किती खोल टाकू?” एवढंच. सासरे गेल्यानंतरची ही पहिलीच थंडी आहे. त्या कदाचित दोन शब्दांत उत्तर देतील आणि भिंतीकडे तोंड करतील. तसं झालं तर आग्रह करू नका. चार दिवसांनी दुसरं काही विचारा. ‘आई, आज नको वाटलं तर राहू दे’ असं म्हणायची सवय त्या घरात असायला हवी. हंगाम त्यांच्या हाती द्यायचा म्हणजे त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवायचं, असा अर्थ व्हायला नको.

आता कुंड्या. तुमच्या टोमॅटोंचा दोष नव्हता, दोष गॅलरीचा होता. साधारण २३ सप्टेंबरपासून २१ मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीवर या सहा महिन्यांत थेट ऊन पडतच नाही. टोमॅटोला दिवसाचं निदान सहा तास ऊन लागतं. ते न मिळाल्यामुळे रोपं उजेडाच्या शोधात उंच आणि किडकिडीत झाली. फूल धरायला त्यांच्याकडे बळ नव्हतं. उलट आईंच्या खोलीत बघा. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत आत येतं. पावसाळ्यात जी खिडकी साधी वाटते तीच थंडीत घरातली सगळ्यात चांगली जागा होते. तुमची बाग तिथेच होणार आहे, त्या खिडकीच्या ग्रीलमध्ये. पण खोली त्यांची आहे, तेव्हा आधी विचारा. कुंड्या तारेनं ग्रीलला घट्ट बांधा, दुसऱ्या मजल्यावरून खाली काही पडता कामा नये, आणि पाणी खालच्यांच्या कपड्यांवर ठिबकू नये म्हणून खाली ताटल्या ठेवा.

यंदा टोमॅटो लावू नका. हरभरा लावा. मला माहीत आहे, कुंडीत हरभरा कुणी फारसं लावत नाही. पण तुमच्या घराला तोच शोभतो, आणि तो तुमच्यासारख्या हौशी हातांना सांभाळूनही घेतो. बी विकत आणायचं काम नाही. डब्यातला साधा लाल हरभरा, फार जुना आणि किडका नसलेला, पाच-सहा तास भिजवून एक-दीड इंच खोल टाकायचा. कुंडी आठ-दहा इंच खोल असली की पुरे. माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडं कोकोपीट मिसळा, पाणी खालून सहज निघून जाईल एवढं बघा. आठवड्याभरात कोंब वर येतात. ते माती फोडून वर येताना मुलीला दाखवा, शाळेच्या पुस्तकात ते कधीच इतकं चांगलं दिसत नाही.

हरभऱ्याला सगळ्यात जास्त मारतं ते पाणी. शेतात तो जमिनीतल्या मुरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर वाढतो. कुंडी लवकर सुकते म्हणून तिथे अगदी सोडून देता येत नाही, पण बोट दोन पेरं आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्या. थंडीत बाष्पीभवन कमी होतं. रोज सकाळी मग भरून पाणी घालायची सवय असेल तर मुळं कुजतात आणि रोप उभ्या उभ्या मरतं. हे बोट घालून बघण्याचं काम तुमच्या मुलाला द्या. तेरा वर्षांच्या मुलाला ‘मदत कर’ म्हटलेलं आवडत नाही, पण एखादी गोष्ट पूर्णपणे त्याच्या अखत्यारीत दिलेली आवडते. पाणी त्यानंच द्यायचं आणि त्यानं दिलं नाही तर दुसऱ्या कुणी द्यायचं नाही, असं ठरवून टाका.

तीन-चार आठवड्यांनी शेंडे खुडायला येतील. खुडल्यावर रोप फुटवे धरतं आणि आणखी पसरतं, त्यामुळे खुडायला घाबरायचं नाही. मात्र कुठून खुडायचं हे आईंनाच विचारा. पहाटे पानांना हात लावून बोट चाटलं तर आंबट लागतं. हरभऱ्याच्या पानांवरच्या लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, तीच आंब. गावाकडे रात्री पिकावर स्वच्छ फडकं अंथरून सकाळी ते पिळायचे आणि ती आंब पोटदुखीवर जपून ठेवायचे. तुमच्या आईंनी हे केलेलं असण्याची शक्यता दाट आहे. विचारून बघा. कोवळ्या पाल्याची भाजी त्यांच्या पद्धतीनं होऊ द्या, लसूण आणि दाण्याचं कूट घालून म्हणाल्या तर तसं, डाळीचं पीठ लावून म्हणाल्या तर तसं. दोन-तीन कुंड्यांतून निघणारा पाला वाटी-दोन वाट्यांच्या वर जायचा नाही, तेव्हा बाजारातली जुडी सोबत आणायला संकोच करू नका. स्वयंपाकघरात मात्र त्या दिवशी तुम्ही चिरा आणि फोडणी त्यांना देऊ द्या. उभं राहून गुडघे दुखतात, तर ओट्याजवळ उंच स्टूल ठेवा.

बाकी कुंड्यांचं थोडक्यात सांगते. मेथी दाट पेरा, २५ ते ३० दिवसांत उपटायला येते. लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून खोचा, पात कापत राहा. धने अख्खे पेरलेत म्हणून उगवले नाहीत. ते चपलेखाली किंवा लाटण्याखाली हलके रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे, आणि मग आठ-दहा दिवस वरची माती सुकू द्यायची नाही. धीर सुटतो तो याच दिवसांत, आणि आपण कुंडी दुसऱ्या कशाला तरी देऊन टाकतो. गाजर यंदा राहू द्या, त्याला तीन महिने लागतात आणि खोल माती लागते. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन काढा. कोवळा पाला आपण खाणार आहोत, त्यावर काही फवारू नका.

ही पेरणी मी सांगतेय ती भोगीपासून मागे मोजून. भोगी १३ जानेवारीच्या आसपास येते. आज हरभरा टाकलात तर भोगीच्या आधी दोनदा खुडून होईल. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मेथी टाकलीत तर ती अगदी वेळेवर येईल. वर्षाच्या आत सण करायचे नाहीत अशी तुमच्याकडे रीत असेल तर ती पाळा. लेकुरवाळी भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी ही काही साजरं करायची गोष्ट नाही, ती थंडीतलं जेवण आहे. पुढच्या वर्षी घरी हळदीकुंकू ठेवायचा विचार आला तर मात्र एक सांगते. आईंना आत बसून राहावं लागेल असा कोणताही कार्यक्रम त्या घरात होऊ देऊ नका. बायका येऊ देत, तिळगूळ वाटू देत, आणि आई त्यांच्यात मधोमध बसलेल्या असू देत.

आता लोकर. पाठीच्या कडा वळल्या यात तुमचं काही चुकलं नाही. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशी साधी वीण नेहमीच कडांना वळते, तिचा स्वभावच तो. बाजू शिवल्या आणि खाली बॉर्डर असली की ती सरळ बसते. पण वर्ष उलटलंय, आठ वर्षांच्या मुलीचं माप आता बदललं असणार, म्हणून ती पाठ पुढे नेऊ नका. उसवा. आणि उसवायला आईंच्या समोर बसा. पूर्वी घराघरांत दर दोन-तीन वर्षांनी हेच चालायचं: आखूड झालेला स्वेटर उसवायचा, लोकरीची लडी करून कोमट पाण्यात भिजवायची, न पिळता टांगून वाळवायची म्हणजे कुरळेपणा जातो, मग पुन्हा गुंडा. ॲक्रिलिकचा कुरळेपणा खऱ्या लोकरीइतका जात नाही, पण विणायला अडचण येत नाही. लडी धरायला दोन हात लागतात आणि गुंडाळायला दोन. या कामात कुणाला बोलावं लागत नाही आणि तरी दोघं समोरासमोर बसलेली असतात. मला विचाराल तर तुमच्या घरात या थंडीतली सगळ्यात महत्त्वाची बैठक हीच असेल. तिला घाईनं उरकू नका.

त्या लोकरीचं काय करायचं, तर पुण्यात पूर्ण बाह्यांचा स्वेटर कशाला? डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी २८-३० वर जातो. शाळेत जाताना घातलेला स्वेटर मधल्या सुट्टीत दप्तरात जातो. मुलीसाठी कानटोपी करा, आणि वेळ उरला तर बिनबाह्यांचा स्वेटर. कानटोपीला पन्नासेक ग्रॅम लोकर पुरते. आधी छोटा नमुना विणून दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. २२ बसले आणि टोपीचा घेर ४८ सेंटिमीटर धरला तर साधारण १०५ टाके होतात. दोन सुलट, दोन उलट अशी ताणणारी वीण घ्यायची, म्हणून चाराच्या पटीत १०४ घाला. डोक्याचा घेर ५०-५२ असला तरी टोपी थोडी कमी घेराची विणतात, म्हणजे ती कानावर बसते. हे गणित मुलाला करू द्या, आणि त्याला सुया हातात घ्याव्याशा वाटल्या तर त्यालाही द्या.

सुयांबद्दल एक गोष्ट दुकानात गोंधळात टाकते. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. आठ नंबरची सुई चार मिलिमीटरची असते, दहा नंबरची सव्वातीन. शिकणाऱ्याच्या हाताला आठ नंबर आणि जरा जाड लोकर बरी. मुलीला शिकायचं असेल तर नुसते सुलट टाके, जाता-येता दोन्ही बाजूंनी, वीसेक टाक्यांची पट्टी. ती वळत नाही, आणि तिच्या बाहुलीचा मफलर होतो. आईंच्या डोळ्यांसाठी फिकट रंगाची लोकर आणा. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाका दिसत नाही आणि डोकं दुखतं. विणायला सकाळी नऊ ते अकरा, खिडकीच्या उन्हात. थंडीत सकाळी बोटं आखडतात, आधी कोमट पाण्यात हात धरले तर मोकळी होतात.

आणि तो हिरवा स्वेटर ट्रंकेतून मागवा. तो आता कुणाच्या अंगात येणार नाही, पण खांद्याचे टाके कसे कमी केलेत, गळा कसा उचललाय, हे त्यातून दिसतं. त्या ट्रंकेसाठी गावाला जायचंच आहे, त्याकडे मी आता येतेच.

त्याआधी साधे रविवार. मॉलमध्ये तुम्ही जाता कारण कुठे जायचं हे रविवारी दुपारी ठरतं. थंडीत बाहेरचं जे काही चांगलं आहे ते सकाळी नऊच्या आत आहे. शनिवारी रात्री पोळ्यांचा डबा आणि थर्मास तयार ठेवा आणि सातला निघा. वेताळ टेकडी तुमच्या जवळच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे काटेसावरीला पानं नसताना मोठी लाल फुलं येतात, आणि त्या झाडावर सकाळी पाखरांची झुंबड असते. आईंना चढ जमणार नाही. म्हणून एक रविवार टेकडीचा ठेवा, आणि त्या दिवशी त्यांच्यासोबत तुमच्यापैकी कुणीतरी घरी थांबा. पुढचा रविवार सगळ्यांचा. सगळ्यांसाठी मी कवडीपाट सुचवीन. लोणी काळभोरजवळ मुळा-मुठेवरचा जुना बंधारा आहे. नदीचं पाणी घाण आहे, हे आधीच सांगते, मुलांना त्यात उतरू देऊ नका. पण थंडीत तिथे केशरी रंगाचे चक्रवाक येतात, शेपटी हलवत फिरणारे धोबी येतात, आणि सूर्य वर येताना धुकं पाण्यावरून उठतं. आईंसाठी घडीची खुर्ची न्या. लांब जायची तयारी असेल तर भिगवण आहे, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, पुण्याहून साधारण शंभर किलोमीटर. रोहित पक्षी तिथे थंडीत उतरतात. जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे आईंना शेवंतीच्या कुंड्यांपुढे बराच वेळ उभं राहावंसं वाटेल, तेव्हा तिथेही खुर्ची न्याच.

काटेसावरीवर गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्याची मैना थव्यानं दिसली तर मुलाला म्हणा, आजीला विचार हे कोण. या भोरड्या. पुस्तकात पळसमैना म्हणतात. मध्य आशियाकडून त्या थंडीत आपल्याकडे येतात आणि कणसात आलेल्या ज्वारीवर तुटून पडतात. टेकडीवर दुर्बीण घेऊन आलेल्या माणसाला ती सुंदर दिसतात, पण शेतकऱ्याच्या घरात याच पाखरांसाठी शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभं राहून गोफण फिरवावी लागते. तुमच्या आईंनी ती फिरवली असेल. गोफणीत दगड कसा धरतात, दोर कधी सोडायचा, आवाज कसा काढायचा, हे मुलानं आजीकडून ऐकलं तर त्याला आपली आजी पहिल्यांदाच दिसेल असं मला वाटतं.

आणि मग हुरडा. पुण्याच्या चारी दिशांना हुरडा पार्टीचे फलक लागतील, झोपाळे, बैलगाडी, माणशी पैसे. ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठी ते ठीक आहे. तुम्हाला स्वतःचं शेत आहे. ते वाट्याने दिलंय म्हणून तिथला हुरडा परका होत नाही. वाटेकऱ्याला आताच फोन करून ज्वारी कोणती आहे, दाणा कधी भरेल, हे विचारायला हवं. गूळभेंडी असेल तर फारच उत्तम, ती हुरड्याचीच जात. नुसती मालदांडी असेल तरी कोवळ्या दाण्याचा हुरडा होतो. दाणा हिरवा आणि मऊ असतो ते दिवस थोडे असतात, साधारण डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर. फेब्रुवारीत तो कडक होतो आणि मग भाकरीचाच.

हा फोन तुमच्या नवऱ्यानं करायचा आहे. तुमच्या पत्रात ते स्वेटरापुरतेच आले. घरातली ऊब, मुलांचे रविवार, आईंची उदासी हे सगळं तुम्ही एकट्या वाहताय असं मला वाटलं. ही त्यांची आई आहे, ते त्यांचं शेत आहे, आणि वडील गेल्यावर त्या शेतात हुरड्याला जायचं म्हणजे त्यांनाही जड जाणार आहे. त्यांना हे पत्र वाचायला द्या.

आईंना आधी विचारा, जायचं का. नको म्हणाल्या तर यंदा कुणीच जायचं नाही. हो म्हणाल्या तर त्यांच्या बेतानं जा. आगटी कुठे करायची, गोवऱ्या किती, कणसं कुठल्या बाजूची काढायची, हे त्या सांगतील. निखाऱ्यात भाजलेलं कणीस हातावर चोळताना पोळतं, मुलांना जाड कापडाची पिशवी द्या, तिच्यात घालून चोळायचं. लसणाची चटणी, दाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं आणि जमलं तर हरभऱ्याचा हुळा. मोबाइलवर फोटो काढायचे तर सुरुवातीला काढून घ्या. तिथे सासऱ्यांचं नाव निघेल. कुणी विषय बदलू नका, आणि मुलांना गप्प करू नका. ते माळ्यावर कुठे बसायचे, भाजताना कुणाला पहिलं कणीस द्यायचे, हे मुलांना ऐकू द्या. आई रडल्या तर रडू द्या. परतताना त्या ट्रंकेतला स्वेटर घ्या, आणि मूठभर हरभरा पुढच्या वर्षाच्या बियाण्याला.

तुळशीचं राहिलं. तीही हॉलच्या गॅलरीतच असणार. तिथे दसऱ्यापासून होळीपर्यंत ऊन नाही, वर थंडीत तिची वाढ तशीही मंदावते, आणि उरलेली ताकद ती मंजिऱ्यांत घालते. म्हणून खराटा. तिला आईंच्या खिडकीत हलवा, पाणी एक दिवसाआड आणि तेही थोडं, आणि हिरव्या मंजिऱ्या दिसल्या की खुडत जा. दोन-चार झाडावरच वाळू द्या, चोळून काळं बारीक बी काढा आणि कागदाच्या पुडीत ठेवा. फाल्गुनात ऊन तापायला लागलं की पेरा, माती वर नुसती भुरभुरायची, खोल गाडायचं नाही. जुनं झाड दोन-तीन वर्षांचं होऊन खोड लाकडासारखं झालं असेल तर ते पुन्हा भरून येईल अशी आशा धरू नका, ही नवी रोपं तिच्या जागी लावा.